आधी आडनाव, मग दुःख

काल पणजीत एका समुपदेशक बाईंना दोन हजार रुपये देऊन आलो. पन्नास मिनिटांपैकी तेवीस मिनिटं "तूं खंयचो?", म्हणजे तू कुठला, यात गेली. मोजली मी. माझ्या समोरच घड्याळ होतं आणि घड्याळाखाली दूधसागरचा फोटो, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'लेट गो'. कड्यावरून दगडांवर आपटणाऱ्या पाण्याला विचारलं होतं का कोणी?

त्याआधी फॉर्म. नाव, वय, धर्म, जात, 'पती/पत्नीचे नाव', आणि 'येण्याचे कारण' याखाली चार चौकटी: परीक्षा, दारू, वैवाहिक, इतर. मी 'इतर'वर टिक केली. जन्मभर तिथेच करतोय. दोऱ्याने बांधलेलं पेन, दोरा आखूड, त्यामुळे सगळा फॉर्म काउंटरवर वाकून, मुजरा केल्यासारखा भरला.

आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काहीच कळत नाही. लोकांची पंचाईत होते. बाईंचीही झाली.

"तूं खंयचो?"
"पेडण्याचो."
"पेडण्यांत खंय?"

गाव सांगितलं.

"गांवांत खंय? देवळाच्या हेवटेन काय तेवटेन?"

झालं. देवळाच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यात आमच्याकडे माणसाची सात पिढ्यांची फाइल उघडते. गोव्याच्या चाळीस मतदारसंघांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव एकच, तो आमचा पेडणे. त्यामुळे पेडणे म्हटल्यावर काही भुवया अर्धा इंच वर जातातच. उरलेला अर्धा इंच पुढच्या प्रश्नाने गेला: "महाजन खंयच्या देवळाचे तुमी?" महाजन म्हणजे देवळाचे पिढीजात मालक-मानकरी. कुठल्याच नाही, मॅडम. आमचं त्या देवळाशी नातं बाहेरच्या अंगणापर्यंत.

"अच्छा, अच्छा," म्हणाल्या आणि आवाज एकदम मऊ झाला. शाळेत स्कॉलरशिपचे फॉर्म वाटताना बाईंचा व्हायचा, अगदी तसा. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. या मऊपणाचं काय करायचं?

चोविसाव्या मिनिटाला मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, सहा वर्षं ज्याच्याबरोबर होतो, तो दोन महिन्यांपूर्वी सोडून गेला. झोप नाही, जेवण नाही, ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसतो.

"तो?"
"हो, तो."
"मित्र."
"मित्र नाही, मॅडम."
"म्हणजे मित्रच ना."

पेन थांबलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, दुकानात शर्टाला डाग आहे का बघतात तसं. "पण तू तर व्यवस्थित दिसतोस." आणि मग सुरू. असाच एक मुलगा आला होता, आईवडील रडत होते, तीन महिने बसवला, आता दोन मुलं आहेत त्याला, चवथीला न चुकता नेवऱ्या (आमच्या करंज्या) घेऊन येतो. सगलें बरें जातलें, सगळं ठीक होईल. नेवऱ्यांचा उल्लेख दोनदा झाला. मी त्या मुलाच्या बायकोचा विचार करत होतो. तिला कोण बसवतंय?

मला बदलून घ्यायचं नव्हतं हो. मला एका गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं होतं. तो कसा चहात बिस्किट बुडवून विसरायचा, शेवटच्या आठवड्यात कसा आधीच गेल्यासारखा वागत होता, एवढंच. रडायला गेलो होतो, ओळखपत्रं दाखवण्यातच वेळ संपला.

आता माझाही मूर्खपणा सांगतो. मी तयारीनिशी गेलो होतो. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, कलम १८, प्रिंट काढून. त्यात स्वच्छ लिहिलंय, लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग यावरून उपचारात भेदभाव नाही. वीज खात्यात जाताना जुनी बिलं नेतात तसं मी समुपदेशनाला जाताना कलम नेतो. पुढे केलं. बाईंनी हसून घेतलं, टीपॉयवर ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. 'जात' आणि 'वर्ग' यांच्यावर गोल डाग घेऊन कायदा घरी आला.

आणि गेलोच का तिथे? तर पाटीवर इंद्रधनुष्य होतं, आमच्यासारख्यांची खूण. वाटलं, वा, पणजीत, मराठी-कोंकणी बोलणारं, पाटीवर इंद्रधनुष्य लावणारं कोणीतरी आहे! ते वरच्या मजल्यावरच्या बालवाडीचं निघालं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'दोन ते पाच वर्षे'. माझं वय चौतीस.

लोक सांगतात, तक्रार कर. कुणाकडे? 'कल बदलून देतो' म्हणणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. पण ते डॉक्टरांपुरतं. बाई डॉक्टर नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना निदान भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बाई त्याही नाहीत. बाई 'कौन्सेलर आणि लाइफ कोच' आहेत. पाटी रंगवणाऱ्याकडे तक्रार करू? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९९० साली. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मी जन्मलो, शिकलो, प्रेमात पडलो, प्रेमातून आपटलो, तरी ही बातमी मांडवी ओलांडून त्या खोलीत पोचलेली नाही.

मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणात स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसले. मला यातलं नीट कळत नाही, समजावून सांगा म्हणाले, आणि तसं आदेशातही लिहिलं. न्यायाधीश! इथे मी बाईंना समजावतो आणि वर फीही मीच भरतो. शिकवणी माझी, पावती त्यांची. पावतीसुद्धा मागितल्यावर.

"मग आसगावला जा ना, तिथे आहेत तसले समुपदेशक." गेलो होतो. गेल्या वर्षी. पोर्तुगीजांच्या काळातलं घर, तीन मांजरं, वासाच्या मेणबत्त्या (मेणबत्तीला लेमनग्रासचा वास का लागतो हे मला कोणीतरी सांगा), तासाला साडेतीन हजार. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू. 'तो' म्हटल्यावर पापणीसुद्धा हलली नाही. पण ऑफिसात कोणी माझ्या डब्यातलं का घेत नाही हे सांगायला गेलो, तर इंग्रजीत म्हणाला, मला जात दिसत नाही. दिसत नसेल तर डोळे तपास बाबा, अभिमानाने काय सांगतोस! म्हणजे आसगावात अर्धा मी चालतो, पणजीत दुसरा अर्धा त्यांना फारच चांगला कळतो. दोघांना एकत्र बसवून मी बाहेर मांजरांबरोबर थांबतो.

शिवाय भाषा. मी घरी कोंकणी बोलतो, हिशोब इंग्रजीत करतो, पण शाळा, भजन, नाटक, पेपर सगळं मराठीत झालं. दुःख मला मराठीतच होतं, काय करू. त्या आसगाववाल्याने एक रंगीत चक्र दिलं, त्यावर इंग्रजी भावना. यातली कुठली? मी शोधतोय, जीव कासावीस कुठे आहे, पोटात खड्डा कुठे आहे. शेवटी म्हटलं, त्या दिवशी काळजात चर्र झालं. त्याला 'काळीज' सांगताना इंग्रजीत 'लिव्हर' निघालं तोंडातून. त्याने गंभीरपणे विचारलं, दारू किती पितोस?

ऑनलाइन घे, हेही ऐकून झालं. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर, म्हणजे माझ्यासारख्या, लोकांबरोबर कसं काम करावं याचा समुपदेशकांसाठी कोर्स आहे, तो केलेले लोक ऑनलाइन भेटतात, मला माहीत आहे. पण आमच्या घरी नेटवर्क फक्त तुळशीवृंदावनापाशी येतं. संध्याकाळी सातची वेळ मिळाली होती. मी कानात इअरफोन घालून उभा, आई दिवा लावायला आली ती गेलीच नाही, हात जोडून उभी राहिली. तिला वाटलं, मी सुधारलो. पंचेचाळीस मिनिटं मी फक्त "हं" म्हणत होतो.

आणि एक, 'गोवा किती ओपन आहे' हे वाक्य जो पुढचा माणूस मला ऐकवेल त्याला मी स्मार्ट सिटीच्या खड्ड्यात ढकलणार आहे. ओपन आहे, विमानातून उतरणाऱ्यांना. आम्ही विमानतळाच्या तालुक्यातच राहतो, आम्हाला उतरायला दार नाही. सीमेपलीकडचे पाहुणे वेगळेच: "तुम्ही गोवेकर सुशेगाद, तुम्हाला कसलं डिप्रेशन?" बरोबर. आम्हाला फक्त पार्किंग मिळत नाही.

बाहेर पडल्यावर मी आबे फारियाच्या पुतळ्यापाशी बसलो. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आपला माणूस, पॅरिसात जाऊन सांगून आला की संमोहनाची ताकद संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, समोरच्याच्या मनात असते. पुतळ्यात तो हात पसरून उभा आणि समोर ती बाई मागे कोसळतेय. लहानपणापासून वाटायचं तिला मोहिनी पडलीय. काल नीट बघितलं. फी ऐकलीय तिने.

तेवढ्यात मावशीचा फोन. पणजीत काय करतोस? पोटात गोळा. बाईंना एवढ्यात मावशी सापडली? मनात मी कलम १८ची दुसरी प्रिंट काढायला घेतली. पण नाही, मावसभावाने स्कूटर बघितली होती, बालवाडीच्या दारात लावलेली. म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडे आलो होतो. "कुठला दात?" मी घाबरून म्हटलं, सगळेच.

आता तिने पेडण्यातल्या तिच्या डॉक्टरकडे माझं नाव लावलंय. गुरुवार, चार वाजता. तो तिला विचारत होता म्हणे, भाचा देवळाच्या हेवटेनचा काय तेवटेनचा.