पाण्याचा प्रकल्प कोणाच्या नळाचा?

राज्य मंडळाने नववी-दहावीसाठी जलसुरक्षा हा श्रेणी विषय आणला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या माझ्या नातलगांत आणि शिक्षक मित्रांत एक वाद सतत कानावर येतो. एका बाजूचे म्हणणे असे, की पाणी हा विषय फळ्यावर शिकवून कळत नाही, मुलांना हाताने काही करू द्यावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की असले प्रकल्प आदल्या रात्री पालकच पूर्ण करतात आणि प्रकल्पवहीवर सही झाली की विषय संपतो. माझी मुले सिंगापूरच्या शाळेत शिकत असल्यामुळे मला हा वाद जरा वेगळ्या अंगाने दिसतो.

इथल्या अनेक शाळांत जागतिक जलदिनाच्या सुमारास पाणीकपातीचा सराव होतो. काही तास नळ बंद ठेवतात आणि मुले बादल्या घेऊन रांगेत उभी राहतात. त्यामागे या देशाची खरी चिंता आहे. 1963 च्या दुष्काळात या बेटावर कित्येक महिने पाणीकपात सोसावी लागली होती, आणि शेजारच्या मलेशियातील जोहोर राज्यातून येणाऱ्या पाण्याचा 1962 चा करार 2061 मध्ये संपणार आहे. म्हणूनच पावसाचे साठवलेले पाणी, जोहोरचे पाणी, शुद्ध करून पुन्हा वापरात आणलेले सांडपाणी आणि गोडे केलेले समुद्राचे पाणी हे देशाचे चार 'नळ' इथल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. ज्या मुलांनी कोरडा नळ कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हा सराव मोलाचा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मात्र तो जसाच्या तसा मराठवाड्यात नेण्यात अर्थ नाही. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलांना टंचाईचा सराव कशाला हवा? शाळेआधी टँकरपाशी हंडे लावणारी मुलगी पाण्याची किंमत आपल्यापेक्षा चांगली जाणते. हंड्यातले पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे कसे ओळखायचे, आणि नसेल तर जाब कोणाला विचारायचा, हे मात्र तिला कोणी शिकवलेले नसते.

आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांत कापलेल्या बाटलीत खडी, वाळू आणि कोळसा भरून केलेले गाळणे हमखास असते. वरून ओतलेले गढूळ पाणी खाली नितळ होऊन पडते, टाळ्या होतात आणि मुले घरी जातात ती नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी हा समज घेऊन. हा समज घातक आहे, कारण कावीळ आणि गॅस्ट्रोचे जंतू अशा गाळण्यातून आरपार जातात. हा प्रयोग जरूर करावा, पण तिथे थांबू नये. तेच गाळलेले पाणी एच टू एस चाचणीच्या (पाण्यातले विष्ठेचे जंतू ओळखण्याच्या चाचणीच्या) बाटलीत भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवावे. विष्ठेतले जंतू असतील तर ते बहुधा काळे पडते. नितळ दिसणारे पाणी डोळ्यांदेखत काळे झालेले पाहिलेले मूल तो धडा विसरणार नाही. (काळी पडलेली बाटली मुलांनी उघडू नये; शिक्षकांनी ती ब्लिचिंग पावडरीने निर्जंतुक करूनच टाकावी.)

दुसरी चाचणी याहून सोपी आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, म्हणजे गावाचे पाणी शुद्ध करणारा कर्मचारी, पाण्यात टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकल्यावर जी ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन या रसायनाने क्लोरीन तपासणे) करतो, ती शाळेच्या नळावरही करता येते. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते, नसेल तर तसेच राहते. नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. चाचणीच्या थेंबांतले रसायन अपायकारक असल्यामुळे थेंब टाकण्याचे काम शिक्षकांनीच करावे. रंग पाहणे, तारीख घालून नोंद करणे हे मुलांचे काम. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर आला. तेव्हा ही चाचणी फक्त खेड्यांसाठी आहे, असे म्हणायला जागा उरली नाही.

या बाबतीत आपली शाळा सिंगापूरच्या पुढे जाऊ शकते, असे मला मनापासून वाटते. इथे पाणी तपासण्याचे काम सरकार चोख करते, त्यामुळे नळाच्या पाण्यावर शंका घेण्याची वेळ मुलांवर येत नाही आणि बचत करणे एवढेच त्यांच्या वाट्याला येते. आपल्याकडे ग्रामपंचायतींना गावाच्या पाण्याला किती धोका आहे त्यानुसार लाल, पिवळी, हिरवी कार्डे मिळतात, जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी संचही दिले जातात, पण शाळेतल्या मुलांना आपल्या गावाच्या कार्डाचा रंग क्वचितच ठाऊक असतो.

माझ्या एका शिक्षक मित्राची शंका रास्त आहे. पाणी खराब निघाले आणि मुलांनी ते फलकावर लिहिले, तर सरपंच मुख्याध्यापकांना बोलावून घेतील, असे तो म्हणतो. म्हणून ही जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकू नये. शाळेची नोंदवही ग्रामसभेत वाचली जावी आणि जलसुरक्षकाने तिथेच उत्तर द्यावे, असा लेखी नियम शिक्षण आणि ग्रामविकास या दोन्ही विभागांनी मिळून करावा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचायचे असेल, तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर, पहिल्या पावसाचे वाहते पाणी विहिरीत उतरते त्याच आठवड्यात पहिला नमुना घ्यावा लागेल.