नसीहत चव्हाट्यावर करायची नसते

आज सकाळपासून एक व्हिडिओ फिरतो आहे. नमाजच्या वेळी बाहेर मोबाईल पाहत बसलेल्या एका कोवळ्या मुलाला एक गृहस्थ चित्रीकरण करत फैलावर घेत आहेत, आणि त्याखाली मोठ्या अभिमानाने ‘अम्र बिल मारूफ’ (भल्याचा आदेश) असे लिहिलेले आहे. भल्याचा आदेश देणे आणि वाइटापासून रोखणे ही कुरआनातील सुरह आल-इम्रानच्या ११० व्या आयतीत साऱ्या उम्मतची, म्हणजे मुस्लिम समुदायाची, ओळख म्हणून सांगितलेली जबाबदारी आहे, आणि तिची ही दशा मला पाहवत नाही.

आजोबांच्या निधनानंतर आमच्या घरात जमिनीची वाटणी झाली, तेव्हा फूफीला, म्हणजे आमच्या आत्याला, काहीच मिळाले नाही. सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे गप्प होते. एका रात्री इशाच्या नमाजनंतर अब्बांचे एक ज्येष्ठ स्नेही घरी आले, आम्हा मुलांना त्यांनी बाहेर जायला सांगितले, आणि सुरह निसामध्ये अल्लाहने ठरवून दिलेला मुलीचा हिस्सा तुमच्याकडे राहून गेला आहे, एवढेच अब्बांना शांतपणे सांगितले. फूफीला तिचा हिस्सा मिळाला. त्या स्नेह्यांनी ही गोष्ट कधीच कोणाला सांगितली नाही. अब्बाच ती आम्हा भावंडांना वारंवार सांगत, म्हणून मी ती इथे लिहितो आहे.

वाईट दिसले तर हाताने बदला, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर मनाने, ही सहीह मुस्लिम या संग्रहातील हदीस, म्हणजे रसूलुल्लाह प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वचन, अशा व्हिडिओंखाली हमखास टाकली जाते. रसूलुल्लाहांचे साथी हजरत अबू सईद खुदरी यांनी ती कोणत्या प्रसंगी सांगितली, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या काळचा मदिनेचा सुभेदार मरवान याने ईदच्या नमाजनंतर द्यायचा खुतबा (प्रवचन) आधीच सुरू केला, तेव्हा एका माणसाने उठून त्याला टोकले होते. म्हणजे तिथे टोकणारा एक साधा माणूस होता आणि समोर सत्ताधारी होता! आपण मात्र शोधून शोधून ज्याला उलट बोलता येत नाही असा मुलगा गाठतो, आणि बहिणींचे हिस्से दाबून नमाजच्या पहिल्या सफेत (रांगेत) उभे राहणाऱ्यांना अदबीने सलाम करतो. फूफीच्या वेळी गप्प बसलेले लोकही असेच होते.

काही वाईट गोष्टी उघडपणेच रोखाव्या लागतात, हे मला मान्य करावे लागेल, रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला ओलावा तिथेच दाखवला, कारण फसवणूक गिऱ्हाइकांची होत होती. पण या मुलाने कोणाला फसवले होते?

मशिदीत लघवी करणाऱ्या एका बद्दूवर (वाळवंटातल्या भटक्या अरबावर) लोक धावून गेले, तेव्हा रसूलुल्लाहांनी त्यांनाच थांबवले आणि त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला लावले. इजिप्तच्या जुलमी राजाकडे, फिरऔनकडे, जाणाऱ्या हजरत मूसा आणि हारून यांनाही मृदू शब्दांत बोलण्याची आज्ञा होती. सुरह हुजुरातमध्ये तर दुसऱ्याचे दोष हुडकण्याचीच मनाई आहे.

हे लिहिता लिहिता राग ओसरला आहे आणि त्या मुलाची काळजी वाटते आहे. अब्बांची मान त्या रात्री फक्त एका माणसासमोर खाली गेली, आणि म्हणून त्यांना ती पुन्हा वर करता आली. या मुलाला तेवढी सवड कोणी दिली नाही. व्हिडिओ टाकणाऱ्या गृहस्थांचे नाव मी इथे लिहिणार नाही. मी त्यांना फोन करून बोललो आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी कृपया तो आजच काढून टाकावा, आणि त्या मुलाला ओळखणाऱ्या कोणीतरी त्याला भेटून त्याची विचारपूस करावी.