पगारपत्रकातली दोनशे रुपयांची ओळ

फेब्रुवारीचा पगार झाला की आमच्या ऑफिसात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "या महिन्यात प्रोफेशनल टॅक्स तीनशे कसा?" अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2500. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या कराला घातलेली कमाल मर्यादाच तेवढी आहे. एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. हे पैसे मुळात कशासाठी कापायला लागले, हे मात्र इतक्या वर्षांत मला एकानेही विचारलेलं नाही.

मला ते आत्यामुळे कळलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात आत्या बारा-तेरा वर्षांची होती आणि आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. हातोडी बसून वाकडं झालेलं तिच्या डाव्या अंगठ्याचं नख आजही तसंच आहे. मुकादम हजेरी घ्यायचा, खायला सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. "ते काम नसतं तर आमी जगलोच नसतो, बाबा," असं ती भाकरी थापता थापता सांगते.

दुष्काळ सरला की दुष्काळी कामं बंद होतात. मागेल त्याला काम हा कायमचा हक्क असावा, असं विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरलं. 1975 साली व्यवसाय कराचा, म्हणजे याच प्रोफेशनल टॅक्सचा, कायदा झाला, 1977 साली रोजगार हमीचा. शहरातल्या पगारदाराने कर द्यायचा, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या हातांना काम द्यायचं. आपल्या राज्याने करून दाखवलं आणि 2005 साली केंद्राने देशासाठी तसा कायदा केला. मला याचा फार अभिमान वाटतो.

म्हणूनच "आमच्या टॅक्सवर हे फुकट खातात" असं कोणी म्हटलं की डोकं सणकतं. आत्याने एक दिवसही फुकट खाल्लेलं नाही. आणि आज ती साबणाची वडी घेते तेव्हा जीएसटी तीही भरतेच की. इन्कम टॅक्स भरणारा तेवढा करदाता, हा हिशेबच खोटा आहे.

पण ज्या कारणाने हा राग येतो, त्याच कारणाने दुसराही येतो. आमच्या शिवाराकडे जाणारा पाणंद रस्ता रोजगार हमीतून झाला. पहिल्याच पावसात मुरूम वाहून गेला, बैलगाडी रुतायला लागली. गावात विचारलं तर एकाने मलाच सुनावलं, "तुझं काय गेलं?"

माझं गेलंच. आत्याचं तर माझ्याहून जास्त गेलं.

दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज केला. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि हजेरीपट, तिन्हीच्या प्रती मागितल्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं, आलं नाही. पहिलं अपील केलं, तेव्हा कागद हातात पडले. कागदावर मुरमाचा थर पंधरा सेंटीमीटरचा आहे. मी आणि चुलतभावाने तीन ठिकाणी टिकाव घालून पाहिलं, कुठेही चार बोटांच्या वर भरला नाही. कायद्याने कामाची पाहणी करता येते, साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. तो अर्जही आता दिला आहे. कर पगारातून आपोआप कापला जातो, त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. माझं काम त्यानंतर सुरू होतं, आणि मी ते वीस वर्षं केलं नाही, याची मला खरंच लाज वाटते.

परवा रात्री ओसरीवर बसून आत्याला हजेरीपट वाचून दाखवला. तिसऱ्या नावालाच तिने मला थांबवलं. "ह्यो तर पोराकडं मुंबईला असतोय की. ह्यानं कवा टिकाव धरला?" पुढे आणखी दोन नावांना तिने तशीच मान हलवली. मग बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, "आमच्या टायमाला जरा उशीर झाला तरी मुकादम नाव घ्यायचा न्हाई. दिस बुडायचा."

1 मेच्या ग्रामसभेत हा हजेरीपट मोठ्याने वाचायचा असं ठरवलं आहे. आत्या म्हणाली, "म्या म्होरं बसती. तू एकेक नाव घे, कोण कामावर हुतं नि कोण नव्हतं ते म्या सांगती."