‘मृगात लावा म्हणालात, बी कुजलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

गच्चीवरच्या भाज्यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रागानं लिहिलेली आहे. त्यातले तीन मुद्दे घेतो. ‘मृगात वेलभाज्या लावा’ हा सल्ला धरून तुम्ही २०२५ च्या जूनमध्ये पुण्यातल्या गच्चीवर दोडका आणि कारली टोकलीत. तोवर मे अखेरच्या पावसानं कुंड्यांचा चिखल झाला होता आणि बी उगवलंच नाही. दुसरं, कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालू नका हे तुम्हाला साफ चूक वाटतं, कारण आजी कायम घालायची. तिसरं, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली (निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली) टोमॅटो कमरेएवढा झाला, पण फळ नाही. ‘एसीत बसून लिहायला काय जातं’ हे वाक्य सोडून देतो.

पहिल्या मुद्द्यात चूक लेखाची आहे. नक्षत्र सांगितलं, अट सांगितली नाही. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मे रोजी. दोन्ही वर्षी मृग आपल्या ठरल्या दिवशी, ७-८ जूनलाच लागलं. तेव्हा तारीख सोडा आणि शेतकरी बघतो तेच बघा: वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली. कुंडीतली चार बोटं खोलवरची माती मुठीत दाबा. बोटांतून पाणी आलं किंवा गोळा कणकेसारखा चिकट राहिला तर बी टोकायचं नाही. गोळा झाला आणि अंगठ्यानं ढकलताच फुटला, की टोका.

पाऊस थांबतच नसेल तर कुंडीची वाट बघू नका. दोडका-कारल्याचं बी टणक असतं. ८ ते १२ तास भिजवून, तळाला दोन-तीन भोकं पाडलेल्या कागदी कपात साधारण २ सेंटिमीटर खोल टोका आणि कप पत्र्याखाली, पण उजेडात ठेवा. दोन खरी पानं (पहिल्या जाड दलांनंतर येणारी) आली की कप फाडून मातीच्या गड्ड्यासकट कुंडीत लावा. वेलभाज्यांना मुळं दुखावलेली चालत नाहीत, म्हणून ट्रेमधून उपटून लावू नका. आणि सगळं बी एकदम वापरू नका. दहा बिया असतील तर चार आज, तीन बारा दिवसांनी, तीन त्यानंतर. एखादा हप्ता पावसात गेला तरी हंगाम जात नाही.

आता विटा. इथे मात्र लेखावर ठाम आहे. भांडी घासायचा स्पंज घ्या, पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबू द्या. आता न पिळता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतही हेच होतं: निचरा झाल्यावरही तळाच्या काही बोटं मातीत पाणी अडून राहतं, कारण बारीक मातीनं धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, वरची माती गच्च भरेपर्यंत ते थांबतं. तळाशी तीन इंच तुकडे घातले की हा ओला पट्टा जात नाही, तीन इंच वर सरकतो. म्हणजे थेट मुळांत. १२ इंची कुंडीत तीन इंच गमावणं ही चैन आहे.

मग आजीचं कसं जमायचं? तिचा दोडक्याचा मांडव बहुधा परसात, जमिनीवर असणार. तिथे पाणी खाली खाली जात राहतं. गच्चीवरच्या कुंडीखाली स्लॅब आहे.

विटा वापरायच्याच असतील तर दोन ठिकाणी वापरा. कुटून, चाळून, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा चुरा सगळ्या मातीत मिसळा. पावसाळी मिश्रण: माती ४ भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३, विटेचा चुरा किंवा भाताचं तूस ३. कोकोपीट उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात ते पाणी सोडत नाही. आणि अख्ख्या विटा कुंडीखाली ठेवा. ग्रो बॅग थेट स्लॅबवर टेकली की तळाची भोकं बंद होतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बाजूलाही, तळापासून एक इंचावर, ८-१० मिलिमीटरची चार भोकं पाडा. जुन्या कुंडीत मुळं भोकात बूच मारून बसतात. पावसाआधी स्क्रूड्रायव्हर घालून बघा. भोकावर नारळाच्या शेंडीचा एक पुंजका पुरे, माती वाहत नाही.

शेडनेटबद्दल तुमचं बरोबर आणि लेख अपुरा. ५० टक्के नेट एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर, पालक, माठासाठी. टोमॅटोला रोज निदान सहा तास ऊन लागतं. त्याला ३५ टक्क्यांचं, तेही दुपारी बारा ते चार, आणि ढगाळ दिवशी गुंडाळलेलं. पण फळ न धरण्याचं खापर एकट्या नेटवर फोडू नका. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात, फूल देठापाशी पिवळं पडून गळतं. दमट हवेत परागकण चिकटून बसतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागच्या देठावर टिचकी मारा, एवढं आपल्या हातात आहे. शिवाय झाड कमरेएवढं आणि गर्द हिरवं असेल तर पेंडीचं पाणी जास्त झालंय. फुलं धरेपर्यंत बंद करा.

फळाचा बुडखा काळा पडू नये म्हणून तुम्ही अंड्याची टरफलं घातलीत. ती कुजून चुना (कॅल्शियम) मिळायला महिने जातात, आणि बहुतेक वेळा मातीत चुना असतोच. पाणी कधी कोरडं, कधी तुंबलेलं असं झालं की मुळं तो वर पोचवू शकत नाहीत. दोन इंच पालापाचोळा आणि ठरावीक पाणी, हाच उपाय. मोठ्या सरीनंतर फळं तडकत असतील तर रंग फिरायला लागताच तोडून घरात पिकवा.

शेवटी तुम्ही विचारलंय की पानांवर करप्याचे ठिपके आहेत, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं द्रावण) आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) दोन्ही देऊ का. एकाच कुंडीत एकदम नको. मोरचूद (कॉपर सल्फेट) ट्रायकोडर्मालाही मारतं. आधी ठिपक्यांची खालची पानं काढून कचऱ्यात टाका, खतात नाही. मग एक टक्का बोर्डो: १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओता आणि ढवळत राहा. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी, कोरड्या पानांवर फवारा. कोवळ्या रोपांना निम्म्या तीव्रतेचं. कुंडीच्या तोंडावर कागद पसरा, म्हणजे माती वाचेल. काकडीवर्गीय वेलांची पानं यानं भाजू शकतात, म्हणून दोडक्यावर हेच द्रावण मारू नका.