नव्या गाण्याला जाऊन या

रॉक बँडने साठी ओलांडली की त्याच्या नव्या अल्बमचं मुख्य काम गाणी ऐकवणं हे राहत नाही. अल्बम निघतो तो दौऱ्याला काहीतरी नाव हवं म्हणून. 'आम्ही अजून आहोत, येऊन बघून जा' असं पोस्टरवर छापायला संकोच वाटतो, एवढंच. पूर्वी अल्बम खपावा म्हणून ही मंडळी गावोगाव वाजवत हिंडायची. आता हिंडता यावं म्हणून अल्बम काढतात. बारशाचं आमंत्रण आलं म्हणून जावं, तर तिथे पणजोबांची पंचाहत्तरी दणक्यात चाललेली आणि बाळ आतल्या खोलीत झोपलेलं, असा सगळा मामला.

माझी पंचाईत ही की माझा जीव बाळावर. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा 'पॉवर अप' हा अल्बम मला मनापासून आवडतो. १३ नोव्हेंबर २०२० ला तो आला तेव्हा आपण सगळे घरात कोंडलेले होतो, आणि भांडी घासताना ऐकायला त्याच्याइतकं जोरकस दुसरं काही नव्हतं. बारा गाणी, जेमतेम ४१ मिनिटं. बँडचा गिटारवादक माल्कम यंग २०१७ च्या नोव्हेंबरात गेला. त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने, म्हणजे अँगसने, आधी करून ठेवलेल्या तुकड्यांतून ही गाणी उभी राहिली, म्हणून बाराच्या बारा गाण्यांखाली दोघांची नावं आहेत. जाऊन तीन वर्षं झाली तरी माणूस कामावर हजर! आमच्या ऑफिसात जिवंतपणीही इतकी हजेरी कोणाची नसते.

दौरा मात्र निघाला १७ मे २०२४ ला, जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेनपासून. तोवर या नव्या अल्बमला साडेतीन वर्षं झाली होती. म्युनिकला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याचा मुलगा त्याच सुमाराचा, आणि तो एव्हाना दोन भाषांत उलट उत्तरं द्यायला लागला होता. त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो ते बायकोला भाचा बघायचा होता म्हणून. मला भाचाही बघायचा होताच, पण ९ जूनला म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर एसी/डीसी होते, आणि मेहुण्याने हिवाळ्यातच संगणकासमोर रांग लावून तिकिटं काढून ठेवली होती. उभ्याची.

"उभ्याची का रे?"

"दाजी, बसूनच ऐकायचं तर घरी सोफा आहे की."

त्याचं वय छत्तीस. माझं सांगत नाही. बायको काय म्हणाली त्यावरून अंदाज बांधा. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला दर तासाला उठावं लागतं. तिथे सत्तर हजार माणसांत काय करणार आहात?"

प्रश्न रास्त होता. एका वयानंतर पुरुषाच्या आयुष्यातले सगळे कार्यक्रम याच एका प्रश्नाभोवती आखले जातात. एसटीने जायचं की रेल्वेने, नाटकात कडेची खुर्ची मिळेल का, लग्नात पहिल्या पंगतीला बसायचं की दुसऱ्या. कॉलेजात कोणी सांगितलं असतं की पुढे रॉक ऐकायला जाताना गिटारपेक्षा स्वच्छतागृहाचा नकाशा महत्त्वाचा ठरेल, तर मी त्याला हसलो असतो. तेव्हा आमच्याकडे कॅम्पातल्या दुकानातून भरून आणलेली नव्वद मिनिटांची कॅसेट होती. एका बाजूला 'हायवे टू हेल', दुसऱ्या बाजूला 'बॅक इन ब्लॅक'. १९७९ आणि १९८०. मधल्या काळात त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला आणि ब्रायन जॉन्सन आला, पण आम्हाला हे दुःख कॅसेट उलटवण्याइतकंच जाणवलं.

तर ९ जून. आत न्यायची पिशवी ए-४ कागदाएवढी, असा नियम. बायकोने डब्यात दिलेले धपाटे त्या मापात बसले, पण बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून ते आम्ही दारातच उभ्या उभ्या संपवले. आत बिअर घेतली. ग्लासची दोन युरो अनामत. हा ग्लास हातात आला की मराठी माणूस संपला. तो टाकवत नाही, खाली ठेवला तर कोणीतरी उचलून अनामत घेऊन जाईल ही धास्ती, आणि तो धरून टाळ्या वाजवता येत नाहीत. आख्खा कार्यक्रम मी एका हाताने दाद दिली.

१९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं ते स्टेडियम बाकी देखणं आहे. काचेसारखं पारदर्शक छप्पर तंबूसारखं ताणलेलं. ते काही खुर्च्यांवर; उभ्या लोकांवर आकाश. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळे ज्या हजारो लोकांनी डोक्यावर या बँडची खूण म्हणून लुकलुकणारी लाल शिंगं विकत घेऊन लावली होती, त्यांची शिंगं भर उन्हात पेटत होती आणि कोणालाच दिसत नव्हती. शिंगांखालची बरीच डोकी टकली होती. आजूबाजूला आजोबा, बाप आणि कानांवर मोठी कर्णबंदं लावलेली नातवंडं. कानात बोळे मीही घातले होते. २०१६ साली ऐकू येईनासं होण्याच्या भीतीने खुद्द गायकालाच दौरा अर्धवट सोडावा लागला होता. मग आपण कसला बाणेदारपणा दाखवायचा?

सुरुवातीचा बँड वाजत असताना मेहुण्याने खिशातून मोबाईल काढला. "दाजी, नीट ऐका. हे लोक रोज तीच यादी वाजवतात. तिसरं गाणं नवं आहे. त्याला जाऊन या. ते चुकलं तर आठवं. ते शेवटचं. त्यानंतर सगळी जुनीच आहेत, मग हलता येणार नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. 'पॉवर अप' नावाचा दौरा, बारा गाण्यांचा अल्बम, आणि त्यातली वाजणार दोन! तीही याने लघुशंकेला नेमून दिलेली!

"अरे, मी त्या दोनसाठीच आलोय."

"मग आत्ता जा."

आत्ता गेलो तर जागा गेली असती.

याच्या उलटही करून पाहिलंय लोकांनी. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडने २००६ साली नवा अल्बम काढला आणि दौऱ्यावर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवला, सत्तर मिनिटांच्या वर. जुन्यासाठी आलेले श्रोते कुरकुरले. २००७ च्या मार्चमध्ये ते बंगळूरला आले तोवर त्यातली निम्मी गाणी गळाली होती. मेडनवाल्यांचा बाणा मला आवडतो, पण त्या सत्तर मिनिटांत ज्यांनी तग धरला त्यांच्या मूत्रपिंडांचं काय झालं असेल हा विचार हल्ली माझ्या मनात आधी येतो.

मंडळी रंगमंचावर आली. अँगस यंग, वय ६९, शाळेचा गणवेश, अर्धी चड्डी. ब्रायन जॉन्सन, वय ७६, डोक्यावर तीच चपटी टोपी. शेजारी माल्कमच्या जागी अँगसचा पुतण्या स्टीव्ही, जो या काकापेक्षा पावणेदोन वर्षांनीच लहान आहे. काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणूस आपसूक सावध होतो. पण इथे पुतण्या शांतपणे मागे उभा राहून ताल धरत होता, काका पुढे धावत होता, आणि गिटारच्या चिन्हावर कोणीही दावा सांगत नव्हतं. असंही घराणं असतं म्हणायचं.

तिसरं गाणं, 'डीमन फायर'. पहिल्या ठोक्याला मैदान उसवलं. माझ्या पुढचा सहा फुटी जर्मन वळला, त्याच्या मागे त्याची बायको, तिच्या मागे आख्खी ओळ. घाई नाही, धक्काबुक्की नाही. शिंगं लुकलुकत शिस्तीत निघाले. जाताना 'तुम्ही येत नाही?' अशा नजरेने माझ्याकडे बघत होते. मी ग्लास छातीशी धरून प्रत्येक शब्द म्हणत उभा राहिलो. साडेतीन मिनिटांत गाणं संपलं आणि माणसं परत जागेवर. खाली भक्कम ठेका, वर ब्रायनचं पुटपुटणं आणि मग आरोळी, काय गाणं आहे ते! पण तोवर माझ्या शरीराने पहिली नोटीस बजावली होती.

त्यात त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कला विश्वचषकात भारत-पाकिस्तान. आपले सगळे ११९ मध्ये बाद. मेहुणा वर बघत नव्हता, मोबाईलकडे बघत होता, आणि इतक्या गर्दीत नेट कुठलं चालायला? एखादा आकडा आलाच तर शिळा. 'हेल्स बेल्स' या गाण्याची ती भली मोठी घंटा वरून खाली उतरत असताना याचं चाललेलं, "दाजी, रिझवान अजून आहे."

मग आठवं गाणं. 'शॉट इन द डार्क'. पुन्हा मैदान उसवलं, पुन्हा तीच शिस्तबद्ध मिरवणूक निघाली, आणि त्याच क्षणी याच्या मोबाईलला जाग आली. बुमराहने रिझवानचा त्रिफळा उडवला होता. हा किंचाळत हवेत उडाला, मीही उडालो, लांब डावीकडे निळ्या टी-शर्टातलं आणखी एक टोळकं उडालं. आजूबाजूचे जर्मन थबकले. नव्या गाण्यावर इतके बेभान झालेले लोक त्यांनी कधी पाहिले नसावेत. एका आजोबांनी तर परत फिरून माझ्या खांद्यावर थाप मारली. माल्कमच्या त्या सुरावटीला त्या संध्याकाळी मिळालेली सर्वांत मोठी दाद बुमराहच्या खात्यातली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. आणि उडी मारणं ही माझ्या तेव्हाच्या अवस्थेत अत्यंत अविचारी गोष्ट होती.

पुढचा तास मी तपशिलात सांगत नाही. जुनी गाणी एकामागून एक आली. सामना आपण सहा धावांनी जिंकला. सूर्य मावळला, शिंगं एकदाची दिसू लागली, सत्तर हजार लोक 'हायवे टू हेल' म्हणत होते आणि मी पाय बदलत होतो. कोणतंही गाणं सोडवत नव्हतं. चाळीसेक वर्षं जपलेली कॅसेट समोर उभी असताना तिच्याकडे पाठ कशी फिरवायची? नवी गाणी होती तेव्हा माझा हट्ट आड आला, जुनी आली तेव्हा भक्ती.

सुटका झाली ती 'लेट देअर बी रॉक'मध्ये. गाणं १९७७ चं. पण त्यातलं गाणं थोडाच वेळ चालतं, मग बाकीचे बाजूला होतात आणि अँगस एकटा गिटार वाजवत सुटतो. धावतो, आडवा पडतो, उंच उचलल्या जाणाऱ्या चौथऱ्यावर चढतो. हे वीसेक मिनिटं. मेहुण्याच्या यादीत हे नव्हतं, कारण छत्तिसाव्या वर्षी माणूस गाणी मोजतो, मिनिटं नाही.

मी निघालो. "एन्टशुल्डिगुंग", म्हणजे 'माफ करा', हा एकच जर्मन शब्द मला येतो, तो मी शेकडो लोकांना म्हटला. आत पोचलो तर सगळे माझ्याच वयाचे, किंवा पुढचे. कोणी कोणाशी बोललं नाही. भिंतीपलीकडून गिटार ऐकू येत होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं की हा गडी अजून थांबलेला नाही. सावकाश हात धुतले. ग्लास परत करून अनामत घेतली. गर्दीतून वाट काढत जागेवर आलो, तर अँगस वर चौथऱ्यावर उताणा पडून पाय झाडत वाजवतच होता.

"काही चुकलं का?" मी विचारलं.

"नाही. तेच चाललंय."

मग शेवटच्या गाण्यात रंगमंचावरच्या तोफा झाल्या. त्याला मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या भुयारी रेल्वेत बसायला जागा मिळायचा प्रश्नच नव्हता. दांड्याला लोंबकळत मेहुण्याने विचारलं, "दाजी, या वयात आता आणखी एखादा अल्बम काढतील का हो हे?"

"काढायलाच पाहिजे," मी म्हणालो. "नाहीतर लोकांनी जायचं कधी?"