‘डॉक्टर होणार नसाल तर बायो घेऊ नका’ म्हणे!

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डॉक्टर होणार नसाल तर बायोलॉजी वाया, बायो घेण्याचा फायदा एकच, गणितातून सुटका होते, पीएच.डी. म्हणजे तिशीपर्यंत बापाच्या जिवावर जगणं. आणि खरं संशोधन करायचं तर परदेशच गाठावा लागतो. नात्यातल्या ग्रुपवर त्याला अंगठ्यांचा पाऊस पडला, म्हणून हे लिहितोय.

डॉक्टर नाही तर काहीच नाही? सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याकडे जाऊन हे सांगून बघा. तिथे २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा या आजाराचा विषाणू ओळखला तो पुण्यातल्या प्रयोगशाळेने. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. ताप आलेल्या माणसाला डॉक्टर तपासतो, ते झालंच. पण विषाणू पसरवते गोचीड, आणि तिच्या मागावर जातो कीटकशास्त्रज्ञ. पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत न्यायचं, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने टिपून कुपीत भरायच्या, मग सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची. पिल्लं पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत वाढतात, म्हणजे काजूच्या बागेत माणसांची वर्दळ असते तेव्हाच. सावधगिरीच्या सूचना कुठल्या गावात आधी पोचवायच्या, हे ठरवायला या कुप्या कामी येतात. एमबीबीएसला याची फार तर तोंडओळख होते.

गणितातून सुटका म्हणणाऱ्यांची तर मला गंमत वाटते. आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था, त्यांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, त्यातले १५ गणिताचे. पुढे तर सुटकाच नाही. करोनात घरोघरी पोचलेली ‘सीटी व्हॅल्यू’ म्हणजे काय? पीसीआर या चाचणीच्या दर फेरीत डीएनए साधारण दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून जास्त. कितव्या फेरीला विषाणू ‘दिसला’, तो आकडा म्हणजे सीटी. ज्याला घातांक झेपत नाही, त्याने प्रयोगशाळेत फक्त नळ्या धुवाव्यात.

पैशांचं बोलू, कारण इथे फॉरवर्ड निम्मा खरा आहे. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी पाठ्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,००० आणि वर घरभाडं. म्हणजे बापाच्या जिवावर नव्हे. पण ही रक्कम कधीकधी महिनोन्‌महिने रखडते, आणि जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही. पीएच.डी.नंतर कायमच्या जागा अगदी मोजक्या असतात. प्राध्यापकाची नोकरी मिळेपर्यंत पस्तिशी उलटणं नवलाचं नाही. हे ज्याला चालणार नाही, त्याने औषधनिर्मिती, निदान, बियाणं या कंपन्यांकडे बघावं, तेही एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात नव्हे, आधीपासून. हे सगळं सांगायचं सोडून फॉरवर्ड नुसतं भेडसावतो.

राहिला परदेश. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हार्वर्डहून १९७१ मध्ये परत आले आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांच्याबरोबर आपल्या देवरायांच्या अभ्यासाला लागले. देवराई काही बोस्टनला नेता येत नाही. परदेशी जावं, जरूर जावं, पण ती अट नाही.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. असल्या फॉरवर्डमुळे घरात सगळं लक्ष नीटवर राहतं, आणि ‘नीट हुकली तर बघू’ या भरवशावर मुलं बाकीचे अर्ज भरतच नाहीत. अलीकडच्या वर्षांत आयसरच्या परीक्षेची अर्जाची मुदत नीटच्या निकालाआधीच संपलेली असते. तेव्हा घरात बारावीचं मूल असेल, तर दोन्ही अर्ज एकाच हंगामात भरून टाका.