पणजीनं टाकलेली भाषा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणते. माझा बॉस्टनचा नवरा इथे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेत चाळिशी उलटल्यावर आयरिश शिकतोय, त्या लेखाखाली तुम्ही चांगलीच सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आयरिश भाषा कुणी मारली नाही, आयरिश लोकांनी पोटापाण्यासाठी ती स्वतःहून टाकली, आता अमेरिकेत सुखानं नांदणाऱ्या पणतवंडांनी तिच्या नावानं गळा काढणं हा निव्वळ शौक आहे, भाषा काही रक्तातून येत नाही, जे खरोखर आयरिश बोलतात त्यांना या शौकाचा काडीचा उपयोग नाही, आणि मी लेकीला मराठी शिकवावं ते बरं.

शेवटचं आधी निकालात काढते. लेक मराठी बोलते, आजीशी फोनवर भांडते तेही मराठीतच. आयरिश तिला शाळेत आहे, इथे सगळ्यांनाच असते. गृहपाठाला बसलं की आईही ढ आणि बापही ढ, हे नवऱ्याच्या शिकण्यामागचं निम्मं कारण.

आता 'स्वतःहून टाकली' याबद्दल. यात तथ्य आहे, आणि ते आयर्लंडमध्येही फार कुणाला ऐकायला आवडत नाही. डॅनियल ओ'कॉनेल हा एकोणिसाव्या शतकातला कॅथलिकांचा सगळ्यात मोठा पुढारी. केरीचा माणूस, लहानपणापासून आयरिश बोलणारा. ही भाषा मागे पडतेय याचं त्याला विशेष दुःख नव्हतं. १८३१ पासून निघालेल्या सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या होत्या. पोराच्या गळ्यात काठी अडकवायची, ते आयरिश बोललं की तिच्यावर खाच पाडायची आणि खाचा मोजून चोप द्यायचा, या उद्योगात मास्तरांना आईबापांची साथ असे.

पण 'कुणी मारली नाही' हे जरा जास्तच झालं. कोर्टाचं कामकाज इंग्रजीतच चालेल असा कायदा १७३७ मध्ये झाला होता. उत्तर आयर्लंडात तो रद्द करण्याची तरतूद व्हायला २०२२ उजाडलं. आणि १८४५ ते १८५२ चा दुष्काळ तुम्ही एका शब्दात उरकलात. बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली, निदान तितकीच देशोधडीला लागली. सगळ्यात जास्त झळ पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या गरिबांना बसली, आणि आयरिश बोलणारे प्रामुख्यानं तेच होते. १८५१ च्या जनगणनेत पहिल्यांदा भाषा विचारली, तेव्हा आयरिश येणारे पंधरा लाखांच्या आसपास निघाले. १८९१ मध्ये सात लाखही राहिले नाहीत.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे अर्ज राष्ट्रीय अभिलेखागारानं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. त्यात 'आयरिश भाषा' असा रकाना आहे. नुसती आयरिश येत असेल तर 'आयरिश', दोन्ही येत असतील तर 'आयरिश आणि इंग्रजी', नाहीतर जागा कोरी. नवऱ्याच्या पणजीच्या घरचा १९११ चा अर्ज आम्ही पाहिला. म्हातारी आजी: आयरिश. आईबाप: दोन्ही, पण लिहितावाचता येत नाही, बापाच्या सहीच्या जागी फुली. पोरं: दोन्ही, शिवाय लिहितावाचता येतं. ते अर्थात इंग्रजीच. म्हणजे शाळेनं पोरांना जे दिलं ते बोटीवर चढण्यापुरतं दिलं, आणि पणजी सोळाव्या वर्षी चढलीही. बॉस्टनमध्ये लोकांच्या घरी धुणीभांडी करताना तिनं मुलांशी आयरिश बोलायची नाही असं ठरवलं असेल, तर त्याबद्दल तिला नावं ठेवायचा मला काय अधिकार? निर्णय तिचाच होता. पण तो बोटीकडे बघून घेतलेला होता. तिच्या पणतवाला कुठलीही बोट पकडायची नाही. मग तिचा निर्णय त्यानं वारसाहक्कानं चालवत राहावा, हा आग्रह कशासाठी?

भाषा रक्तातून येत नाही, हे मात्र शंभर टक्के मान्य. डग्लस हाइड हा रॉसकॉमनमधल्या प्रॉटेस्टंट पाद्र्याचा मुलगा; गावातल्या माणसांकडून आयरिश शिकला. १८९३ मध्ये आयरिश भाषा जगवण्यासाठी गेलिक लीग ही संस्था काढणाऱ्यांत तो होता, आणि १९३८ मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आज उत्तर आयर्लंडात पूर्व बेलफास्टच्या युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्यांच्या, वस्तीतही 'टुरस' नावाचा उपक्रम आयरिशचे वर्ग चालवतो. पूर्वज हे शिकायला बसण्याचं एक निमित्त. बसल्यावर मात्र ते कुणाच्या मदतीला येत नाहीत.

कारण भाषा छळते. शब्दकोशात 'विन्योग' शोधत बसलात तर सापडणार नाही. खिडकीला म्हणतात 'फिन्योग', आणि 'खिडकीवर' म्हणायचं झालं की तिचं तोंड बदलून 'विन्योग' होतं. घोडा, घोड्याला असं करताना आपण शब्दाचं शेपूट बदलतो, हे लोक तोंड बदलतात. माणसांच्या नावांचंही तेच. गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारा नावाचा भाग आहे, तिथे अर्ध्या गावाचं आडनाव एकच, त्यामुळे माणसाच्या नावापुढे बापाचं, त्यापुढे आजोबाचं नाव लावून त्याला ओळखतात. आणि मार्चीनचा मुलगा म्हणायचं तर 'मार्चीन'चं 'वार्चीन' होतं.

याचा प्रत्यय कॉनेमाऱ्यातल्या कॅररो गावच्या दुकानात आला. नवऱ्यानं जुळवाजुळव करून हवेबद्दल एक वाक्य टाकलं. गल्ल्यावरच्या बाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. हे सगळ्याच शिकणाऱ्यांच्या वाट्याला येतं. त्यात तुच्छता नसते, मागे रांग असते. पण रांगेतल्या एका आजीबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "के लेश हू?" म्हणजे, कुणापैकी रे तू? मालवणात माझ्या आजीनंही परक्या पोराला पहिलं हेच विचारलं असतं. हा घामाघूम होत पणजीचं नाव, तिच्या बापाचं, त्याच्या बापाचं असं सांगत गेला. बाईंनी दोनदा तोंडं दुरुस्त केली, आणि मग हसून म्हणाल्या की त्या घराशी आमचं किनाऱ्यावरच्या शेवाळाच्या हक्कावरून वाकडं होतं. कोकणी माणसाला यातलं काहीही समजावून सांगायला नको. वंशावळीच्या साइटवर पैसे भरूनही हे भांडण आम्हाला मिळालं नव्हतं.

राहिला तुमचा सगळ्यात जड मुद्दा. मोबाइलवर आयरिश शिकणाऱ्यांमुळे गेल्टाख्ट, म्हणजे जिथे ही भाषा अजून रोजच्या वापरात आहे ते पट्टे, टिकणार नाहीत. बरोबर. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे ७२ हजारांच्या आसपास. गेल्टाख्टचं आजचं दुखणं घरांचं आहे. समुद्राकाठची घरं सुट्टीपुरती उघडतात किंवा पर्यटकांना भाड्यानं जातात, तिथल्या तरुण जोडप्यांना परवडत नाहीत, मग ती गॉलवे शहरात येतात आणि मुलं अंगणात इंग्रजी खेळतात. तिथे उन्हाळी बंगला घेणाऱ्या पणतवाला तुम्ही जरूर चार शब्द सुनवा, मीही सोबत येते.

पण शिकायला येणारा सरसकट त्यात धरू नका. डोनेगलमधल्या ग्लेनकोल्मकिलला १९८४ पासून मोठ्या माणसांसाठी आयरिशचे वर्ग भरतात, आणि त्या आडबाजूच्या गावात त्यातून चार पैसे येतात. आम्हीही शिकायला जातो तेव्हा आयरिश बोलणाऱ्या घरातच खोली घेतो. जेवणाच्या टेबलावर इंग्रजीला बंदी असते. पहिले एक-दोन दिवस नवऱ्याला मीठ मागायचं वाक्य वेळेवर सुचत नाही, आणि तो मुकाट्यानं अळणी बटाटे खातो.